मदत हवी आहे: कोबो ई-रीडरवर गूगल ड्राइव्हचा शेअर्ड फोल्डर कसा आणायचा?

नमस्कार मंडळी,

भाच्याने टोरांटोहून येताना माझ्यासाठी कोबो क्लारा एचडी आणला. हलका आहे, रात्री डोळ्यांवर ताण येत नाही, एकदा चार्ज केला की बरेच दिवस बघावं लागत नाही. तक्रार यंत्राबद्दल नाहीच.

आमच्या वाचनकट्ट्याचा गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर आहे. स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं, सभासदांनी लिहिलेले लेख, असं काही ना काही त्यात कोणीतरी टाकत असतं. थोड्या ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणाऱ्या ई-पुस्तकाच्या फाइली), बाकी सगळ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. फोनवर सगळं उघडतं, पण फोनवर वाचायचं नाही म्हणून तर हे यंत्र. कोबोच्या सेटिंग्जमध्ये ड्राइव्हचं नावही नाही. भाचा म्हणतो, सेज, एलिप्सा, लिब्रा कलर असल्या वरच्या मॉडेलांनाच ती सोय आहे. बीटा फीचर्समध्ये एक ब्राउझर सापडला. त्यातून ड्राइव्हला लॉगिन करायला गेले, तर ब्राउझर सुरक्षित नाही म्हणून दारातूनच परत पाठवतात.

केबलने कॉपी होतं, ते माहीत आहे. पण लॅपटॉप मुलाचा आणि मुलगा पुण्यात, रविवारी उगवतो. रोजच्या रोज लॅपटॉपशिवाय काम व्हावं असा काही मार्ग आहे का? एकदाच काही बसवायचं असेल तर रविवारी बसवून घेईन. "नवीन घ्या" सोडून सगळे सल्ले चालतील.

— शेवंती

खटपट्या: ताई, एखाददुसरं पुस्तक पाठवायचं तर काहीही बसवायची गरज नाही. कोबोच्या त्याच ब्राउझरमध्ये सेंड डॉट डीजॅझ डॉट एसई हे पान उघडा. स्क्रीनवर चार अक्षरांचा कोड येईल. आता फोनवर तेच पान उघडा, कोड टाका, फाइल निवडा आणि अपलोड करा. कोबोवर डाउनलोडची लिंक दिसेल, ती दाबली की झालं. लॉगिन नाही, खातं नाही. कोबोचं पान मात्र तोवर उघडं ठेवा, नाहीतर कोड बदलतो. ईपब असेल तर "केपब" (कोबोचा स्वतःचा ईपब) करायचा पर्याय तिथेच आहे, तो ठेवा. कोबोवर पानं भराभर उलटतात.

मिरजकर: वरचा उपाय चांगला, पण फोल्डरात आलेलं आपोआप यायला हवं असेल तर कोबोक्लाउड बघा. छोटं सॉफ्टवेअर आहे, गिटहब या संकेतस्थळावर मिळतं, फुकट आहे. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड, पीक्लाउड यांच्या शेअर लिंकवरून फाइली उतरवून घेतं.

रविवारचं काम एवढंच: कोबोरूट डॉट टीजीझेड नावाची फाइल उतरवायची, कोबो केबलने जोडायचा, त्यातल्या "डॉट कोबो" या फोल्डरमध्ये ती जशीच्या तशी टाकायची (अनझिप करायची नाही!) आणि नीट इजेक्ट करून केबल काढायची. कोबो आपणहून रीस्टार्ट होतो. परत जोडलात की कोबोक्लाउडची सेटिंगची फाइल दिसेल. साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात ड्राइव्ह फोल्डरची लिंक एका ओळीवर चिकटवा, सेव्ह करा. पुढे वायफाय लागलं की नवीन फाइली येत राहतात. फोल्डरात आणखी फोल्डर करू नका, फाइली सरळ ठेवा, म्हणजे डोक्याला ताप नाही. कंपनीची ही अधिकृत सोय नव्हे, तेव्हा कंपनीला विचारायला जाऊ नका.

शून्यदाब: थांबा जरा. कोबोक्लाउडला लॉगिन नसतं, म्हणून फोल्डर "लिंक असलेल्या कोणालाही" असा उघडा करावा लागतो. कट्ट्याच्या फोल्डरात पुस्तकांशिवाय काय काय आहे ते आधी बघा. आमच्या सोसायटीच्या अशाच फोल्डरात सभासदांचे फोन नंबर आणि वर्गणीचा हिशेब निघाला होता.

शेवंती: बघितलं. सभासदांची यादी आहेच, जन्मतारखांसकट! वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी केली होती म्हणे. कट्ट्याच्या सचिवांशी बोलले. पुस्तकांचा वेगळा फोल्डर करून तेवढाच उघडा ठेवायचं ठरलंय.

खटपट्या: उत्तम. त्या लिंकला "पाहणारा" एवढाच अधिकार द्या, "संपादक" नको. नाहीतर कोणीही येऊन पुस्तकं पुसून जाईल.

पाटीपेन्सिल: आणि पुस्तकं खरंच मुक्त आहेत ना, तेही तपासा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून 60 वर्षं मोजतात. म्हणजे 1960 साली गेलेल्या लेखकाचं लेखन 1 जानेवारी 2021 पासून मोकळं. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना किंवा अनुवाद मोकळा असेलच असं नाही. कट्ट्यातल्या कट्ट्यात चाललं होतं ते ठीक, आता लिंक उघडी होणार.

मिरजकर: रास्त मुद्दा. ताई, अजून एक. क्लारा एचडीला 2.4 गीगाहर्ट्झचंच वायफाय दिसतं. फोनच्या हॉटस्पॉटवरून जोडणार असाल आणि नाव दिसतच नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड 2.4 वर आणा. बरेच जण इथे अडकतात आणि यंत्राला नावं ठेवतात.

शेवंती: मंडळी, मुलाने येऊन बसवून दिलं. काल सचिवांनी एक लेख टाकला, मी वायफाय लावलं आणि तो कोबोत हजर! पण स्कॅन पीडीएफचं काय करू? सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं दिसतं. मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान सरकवायचं.

शून्यदाब: त्याला केओरीडर. हेही मुक्त सॉफ्टवेअर, पुस्तकं वाचायचं; कोबोच्या मूळ वाचन-ॲपसोबत नांदतं, त्याला हटवत नाही. पीडीएफ उघडून आधी समास कापा, त्यानेच बराच फरक पडतो. तरी बारीक वाटलं तर रीफ्लो चालू करा, स्कॅनच्या ओळी तोडून पडद्याच्या रुंदीला बसवतो. मराठी स्कॅनवर कधी कधी वेलांटी-रफार शेजारच्या ओळीत जातात, तिथे पडदा आडवा करून वाचलेलं बरं. ईपबमधली जोडाक्षरं मात्र केओरीडरमध्ये नीट दिसतात, नोटो देवनागरी फॉन्ट त्याच्या फॉन्टच्या फोल्डरात टाकून ठेवा.

जाता जाता, केओरीडरमध्येही क्लाउड स्टोरेजला जोडायची सोय आहे, पण त्यात ड्रॉपबॉक्स, एफटीपी आणि वेबडॅव्ह (शेवटचे दोन नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याचे मार्ग). गूगल ड्राइव्ह नाही. ज्यांना फोल्डर उघडा करायचा नाही त्यांनी घरच्या जुन्या लॅपटॉपवर आरक्लोन हे क्लाउड जोडून देणारं सॉफ्टवेअर चालवून ड्राइव्ह वेबडॅव्हवर द्यावा, केओरीडर तिथून उचलतो. ताईंना याची गरज नाही.

शेवंती: अजिबात नाही! शेवटची शंका. फोल्डरातून कोणी फाइल काढली तर माझ्या कोबोतूनही जाईल का? अर्धं वाचलेलं पुस्तक नाहीसं व्हायचं.

मिरजकर: नाही जात. सेटिंगच्या फाइलमध्ये "रिमूव्ह डिलीटेड" अशी ओळ, मोठ्या रोमन अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोर देऊन, लिहिली तरच जाते. तुमच्या फाइलमध्ये ती ओळ नको. वाचून झालेलं हातानेच काढत जा.