मदत हवी आहे: नर्मदेच्या बॅकवॉटरसाठी फिश फाइंडर कोणता घ्यावा आणि वाचायचा कसा?

नमस्कार मंडळी,

माझं शहाद्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वायर, बॅटरी, फ्यूज हे रोजचंच, त्यामुळे जोडणीची चिंता नाही. पाण्याखालचं मात्र काही कळत नाही, म्हणून हा धागा.

फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून (सोनार) तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, माझ्या मित्रासाठी घ्यायचंय. तो धडगाव तालुक्यात नर्मदाकाठी राहतो आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यात मासेमारी करतो. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथे सातपुड्याचे डोंगर सरळ पाण्यात उतरतात. सपाट काठ शोधावा लागतो. धरण पूर्ण भरलं की पाणी 138.68 मीटरला असतं आणि किमान पातळी 110.64 मीटर, म्हणजे एकाच जागेची खोली 28 मीटरपर्यंत बदलू शकते. दिवाळीत ज्या टेकडीवरून होडी जाते, तीच उन्हाळ्यात बेट होऊन वर येते. खाली बुडालेल्या जंगलाची खोडं आहेत. जाळं त्यांत गुंतलं की ओढून फाडायचं नाहीतर तिथेच सोडून यायचं. एक जाळं गेलं तरी घरचं महिन्याचं गणित कोलमडतं, आणि हे वारंवार होतं.

ओळखीच्या एकाकडून पाच इंची स्क्रीनचं यंत्र थोडे दिवस वापरायला मिळालं. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) बांबूला बांधला, होडीच्या बाजूने पाण्यात सोडला. तळ दिसला, खोलीचा आकडाही आला. माशांची चित्रं तर स्क्रीनभर! जाळं टाकलं तर जवळजवळ काहीच नाही. मित्र वैतागून म्हणाला, "मासा दिखस, पन जायामा येत नही." (मासा दिसतो, पण जाळ्यात येत नाही.) हे का होतं?

दुसरं, साधारण साडेअकरा मीटरवर एक धूसर आडवा पट्टा दिसत होता. होडी कुठेही न्या, पट्टा त्याच खोलीवर. हा माशांचा थवा म्हणावा तर इतका लांब कसा? आणि काही ठिकाणी तळातून वर उलट्या धरलेल्या खराट्यासारखं काहीतरी निघालेलं होतं.

बजेट साधारण पंचवीस हजार. होडी फायबरची, मागे दोरी ओढून सुरू होणारं लहान मशीन. डाउन स्कॅन, साइड स्कॅन, चर्प, लाइव्ह सोनार ही नावं वाचून गोंधळ वाढलाय. काही जण म्हणतात, फोनवर चालणारा फेकायचा बॉल घ्या. तो इथे चालेल का?

प्रतिसाद (धुळे)

मी तो बॉल वापरतो, पण गळ टाकायला आणि काठावरून. गळाच्या दोरीला बांधून फेकायचा, तो स्वतःचं वायफाय सोडतो आणि फोनवर चित्र येतं. नेटवर्क लागत नाही ही गोष्ट तुमच्या भागात सोयीची. अडचण दोन ठिकाणी येते. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात फोनची स्क्रीन दिसत नाही आणि फोन तापून बंद पडतो. शिवाय रोजच्या धंद्याला, ओल्या हातांनी फोन सांभाळत जाळं टाकणं जमणार नाही. हौसेला उत्तम, तुमच्या मित्राला नको.

प्रतिसाद (भुसावळ)

भाऊ, हतनूर आणि वाघूर धरणांवर मी बरीच वर्षं हे यंत्र घेऊन फिरतोय. तुमच्या मित्राचं वाक्य अगदी बरोबर आहे आणि त्याचं कारणही सोपं आहे.

आधी माशांची चित्रं बंद करा. सेटिंगमध्ये फिश आयडी किंवा फिश सिम्बॉल असं काहीतरी असेल. यंत्राला मासा ओळखता येत नाही. पाण्यात मधेच कुठून आवाज परतला की ते माशाचं चित्र ठेवून देतं. फांदी असो, बुडबुडे असोत, तरंगता कचरा असो, सगळ्यांचे मासेच होतात. चित्रं गेली की खरा प्रतिध्वनी दिसायला लागेल.

मग हे लक्षात ठेवा की स्क्रीनचा फक्त उजवा काठ "आत्ताचा" आहे. डावीकडचं सगळं मागे पडलेलं पाणी. होडी पुढे गेलेली असते, तुम्ही स्क्रीनच्या मधला मासा बघून जाळं सोडता, तो कधीच मागे राहिलेला असतो.

तिसरं कारण शंकूचं. ट्रान्सड्यूसरमधून आवाज खाली पसरत जातो. 200 किलोहर्ट्झ वारंवारतेला कोन साधारण 20 अंशांचा धरा, म्हणजे 25 मीटर खोलीवर तुम्ही जवळपास 9 मीटर व्यासाचं वर्तुळ बघताय. 83 किलोहर्ट्झला कोन 60 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तेच वर्तुळ 29 मीटरचं होतं. त्या वर्तुळात मासा कुठल्या बाजूला आहे हे यंत्र सांगत नाही. फक्त किती खोल ते सांगतं.

तुमच्याकडे उतार आहे, त्यामुळे यात आणखी एक मेख आहे. रुंद शंकूत उताराचा वरचा भाग सगळ्यात आधी आवाज परत पाठवतो आणि यंत्र तोच तळ समजतं. त्या रेषेच्या खाली, उताराला चिकटून असलेले मासे तळातच मिसळून जातात, दिसतच नाहीत. म्हणून डोंगराच्या कडेला 200 वरच चालवा. सपाट, उथळ हतनूरला मला याचा त्रास नाही, तुम्हाला रोज होणार.

मासा कमान करून का दिसतो तेही सांगतो. तो शंकूच्या कडेला शिरतो तेव्हा अंतर जास्त, मधोमध आला की कमी, बाहेर पडताना परत जास्त. होडी थांबलेली आणि मासाही थांबलेला असेल तर कमान होत नाही, सरळ रेघ येते. कमान लांब म्हणजे मासा मोठा असं समजू नका, जाडी बघा. कार्प जातीच्या माशांची हवेची पिशवी मोठी असते आणि आवाज मुख्यतः तिच्यावरून परततो, त्यामुळे कटला-रोहू छान उठून दिसतात.

धागाकर्ता

भाऊ, मनापासून आभार. मित्राला फोनवर वाचून दाखवलं. उतारावरचं त्याला लगेच पटलं. तो म्हणतो, आमचा मासा कड्यालाच असतो. त्या पट्ट्याचं आणि खराट्याचं काय?

प्रतिसाद (भुसावळ)

खराटे म्हणजे तुमची बुडालेली झाडं. डाउन स्कॅन लावलात तर फांद्यासुद्धा सुट्या दिसतील. ते 455 किंवा 800 किलोहर्ट्झवर चालतं, होडीच्या सरळ खालचं चित्र बारीक तपशिलासह येतं. माशाची कमान मात्र साध्या सोनारवरच नीट कळते, म्हणून स्क्रीन अर्धी-अर्धी करून दोन्ही लावा.

प्रतिसाद (जळगाव)

पट्ट्याबद्दल मी लिहितो, माझा अभ्यासाचा विषय मत्स्यशास्त्र होता.

तुम्ही उन्हाळ्यात गेला होतात का? तसं असेल तर तो तापमानाचा थर आहे, थर्मोक्लाइन. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. त्या सीमेवर घनता एकदम बदलते, तिथे बारीक जीवही साचतात, म्हणून आवाजाचा थोडा भाग तिथूनच परततो. सेन्सिटिव्हिटी (किती मंद प्रतिध्वनीसुद्धा दाखवायचा ते सेटिंग) कमी केली की पट्टा पुसट होतो, वाढवली की ठळक.

खात्री करायची असेल तर एक जुनी पद्धत आहे. जड काचेच्या बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी. बारा-तेरा मीटरवर सोडून बुचाला झटका द्या, भरली की ओढा आणि पाणी हातावर घ्या. वरच्या पाण्यापेक्षा स्पष्ट गार लागलं तर थर तिथेच आहे.

मासेमारीला याचा उपयोग फार मोठा आहे. थर टिकून राहिला की खालच्या पाण्यात प्राणवायू कमी होत जातो आणि मासे थराच्या वर राहतात. मग वीस मीटरवर जाळं बांधण्यात अर्थ नाही. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. उन्हाळ्यात मृगळसुद्धा त्या तळावर शोधा जो थराच्या वर आहे, म्हणजे कड्याच्या उथळ भागात. तुमच्या मित्राचा अनुभव तेच सांगतोय.

एक विनंती. पावसाळ्याच्या तोंडावर नाल्यांच्या मुखाशी मोठ्या माशांचे थवे दिसतील, ते अंडी घालायला निघालेले असतात. यंत्र हाती आल्यावर तिथे जाळं लावण्याचा मोह होतो. तेवढे दिवस ते सोडा. पुढच्या वर्षीचा मासा त्यांच्यातूनच यायचा आहे.

प्रतिसाद (नाशिक)

खरेदीबद्दल. तुमच्या अडचणीत मासे शोधण्यापेक्षा झाडं टाळणं जास्त पैसे वाचवेल. म्हणून मी मोठ्या स्क्रीनऐवजी जीपीएसवर खर्च करीन. प्रत्येक खोडाची जागा खूण करून ठेवायची, पुढच्या वेळी जाळं सोडण्याआधी नकाशा बघायचा. आपल्या धरणांचे तयार नकाशे यंत्रात मिळतील अशी आशा धरू नका, स्वतःच काढावे लागतात. गार्मिनमध्ये त्या सोयीला क्विकड्रॉ म्हणतात, लॉरन्समध्ये जेनेसिस लाइव्ह, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट लाइव्ह. स्वस्त मॉडेलांत जीपीएस असतो पण नकाशा काढायची सोय नसते, तेव्हा मॉडेल क्रमांकासकट तपासा. नकाशा काढताना त्या दिवशीची धरणाची पातळी टिपून ठेवा. तुम्हीच लिहिलंय की पाणी 28 मीटर खाली-वर होतं. पातळीचा फरक वजा केला नाही तर पाणी उतरल्यावर त्या नकाशावर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे.

स्क्रीन घेताना उभे पिक्सेल किती ते विचारा. 480 असतील तर 30 मीटर खोलीवर एक ठिपका सहा सेंटिमीटरचा पडतो. 272 असतील तर तोच अकरा सेंटिमीटरचा, मग मासा आणि तळ वेगळे दिसत नाहीत.

लाइव्ह सोनार (पाण्यातली हालचाल त्याच क्षणी दाखवणारा) तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर आहे, तो विषय सोडा. साइड स्कॅन (होडीच्या दोन्ही बाजूंचं दाखवणारं) झाडं शोधायला फार चांगलं, पण त्याच्यासाठी जीपीएस सोडू नका. चर्प घ्या. एकाच वारंवारतेऐवजी तो एका पट्ट्यातल्या अनेक वारंवारता सोडतो, त्यामुळे जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात.

धागाकर्ता

सगळं वहीत उतरवून घेतलं. आता माझ्या कामाचं: फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरी चालेल का? आणि फायबरच्या तळाला आतून ट्रान्सड्यूसर चिकटवला तर?

प्रतिसाद (नाशिक)

बॅटरी चालेल. पाच इंची यंत्र साधारण अर्धा-पाऊण अँपिअर घेतं. लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्म्याच्या खाली उतरवू नका, पाच-सहा तास आरामात निघतील. फ्यूज माहितीपुस्तिकेत दिलाय तोच, बॅटरीच्या जवळ.

आतून चिकटवायचं तर फायबर भरीव हवं आणि इपॉक्सीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. तरीही आवाज थोडा मरतो, पाण्याचं तापमान कळत नाही आणि डाउन स्कॅन नीट चालत नाही. तुम्हाला तर तापमान आणि डाउन स्कॅन दोन्ही हवंय. म्हणून बाहेरच लावा. बांबू वाकतो, हलतो, तळाची रेघ लाटेसारखी येते. त्याऐवजी जाड पीव्हीसी किंवा जीआय पाइप घ्या, सी-क्लॅम्पने काठाला आवळा, मशीनच्या पंख्यापासून लांब, तोंड सरळ खाली आणि होडी डुलली तरी पाण्यातच राहील इतकं खोल. खडक लागला तर पाइप मागे वळेल अशी एका बोल्टवर पकड ठेवा.

प्रतिसाद (भुसावळ)

आणि पहिले काही दिवस जाळं घरी ठेवा. पाणी उतरलेलं असताना जी टेकडी, जे खोड मित्राने डोळ्यांनी पाहिलंय, पाणी चढल्यावर त्याच्यावरूनच सावकाश होडी न्या आणि स्क्रीनवर ते कसं दिसतं ते बघा. सेन्सिटिव्हिटी आधी ऑटोवर, नंतर हाताने थोडी वाढवत. खडकाची रेघ जाड आणि ठळक येते, कधी खाली दुप्पट खोलीवर दुसरी रेघही दिसते. गाळाची रेघ पातळ, विरलेली. तळ वाचता आला की मासा आपोआप वेगळा पडतो.

धागाकर्ता

ठरलं. जीपीएस, चर्प, डाउन स्कॅन, 480 उभे पिक्सेल आणि नकाशा काढायची सोय असलेलं पाच इंची बघतो. पाइपची पकड दुकानातच करून घेईन, फोटो इथे टाकेन. तळोदा, धडगाव, अक्कलकुवा भागात कोणी असं यंत्र रोज वापरत असेल तर कृपया इथे लिहा. विकत घेण्याआधी मित्राला सोबत घेऊन एकदा तुमच्या होडीत बसायचं आहे, डिझेलचा खर्च आमचा.