फ्लश टँक बदलण्यापूर्वी वॉशर तपासावा

कमोडमध्ये सतत पाणी झिरपते या तक्रारीवर बहुतेकांनी संपूर्ण फ्लश टँक बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो खर्च बहुधा अनाठायी ठरेल. झाकण काढल्यावर पाणी ओव्हरफ्लो नळीत (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीत) सांडताना दिसले, तर दोष बॉल कॉकचा, म्हणजे टँक भरल्यावर पाणी बंद करणाऱ्या झडपेचा, समजावा आणि पातळी नळीच्या काठाखाली सुमारे २ सेंटीमीटर थांबेल इतका त्याचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली घ्यावा. पातळी योग्य असूनही धार चालू असेल, तर टँकमध्ये खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. रंग कमोडमध्ये उतरला, तर तळाचा रबरी वॉशर पाणी धरत नाही, हे नक्की. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या घरांत तो अनेकदा फाटलेला नसतो, त्याच्या कडेवर क्षारांचा पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. अँगल कॉक (टँकला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून वॉशर काढावा, व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासावा आणि तो जिथे टेकतो ती कडही पुसावी. रबर ताठरले असेल, तर नवा घ्यावा. दुकानात जाताना जुना सोबत न्यावा, कारण मापे कंपनीगणिक बदलतात. टँकमध्ये ॲसिड ओतण्याची काहींची सूचना मात्र कृपया कोणी अमलात आणू नये, त्याने आतले सुटे भाग खराब होतात.