पहिलं सहा हजारी शिखर, गाईडसोबत जायचंय. कुठलं घेऊ आणि कंपनीला काय काय विचारू?

राजमाची_रिटर्न

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३८, चिंचवड, आयटी म्हणजे दिवसभर खुर्ची. सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरतोय, अलंग-मदन-कुलंग दोनदा झालंय, कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक जवळपास दर वर्षी. हिमालयात म्हणाल तर केदारकंठा आणि हामटा पास (४२७० मी.), हामट्याला एक रात्र डोकं धरलं होतं तेवढंच, बाकी त्रास नाही. आता पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये सहा हजार मीटरच्या वरचं एखादं शिखर करायचं मनात आहे. स्वतः मोहीम आखण्याइतका मी कोणी मोठा नाही त्यामुळे कंपनीबरोबरच जाणार, बायकोची अटही तीच आहे (दुसरी अट रोज रात्री फोन, ती कशी पाळायची ते देवाला माहीत).

डोक्यात तीन नावं आहेत, लडाखचं कांग यात्से २, मनालीकडून यूनाम आणि नेपाळचं आयलंड पीक. रजा जास्तीत जास्त १६ दिवस मिळेल. सगळ्या कंपन्यांच्या साइट सारख्याच दिसतात, फोटोही तेच, 'अनुभवी गाईड' सगळीकडेच, मग निवडायचं कशावरून? बजेट साठ-सत्तर हजार, गिअर धरून नाही.

टकमक

जुलै-ऑगस्टमध्ये आयलंड पीक? तिकडे तेव्हा आपल्यासारखाच धो धो पावसाळा असतो राव. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरला नाहीतर एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात जायचं तर लडाख, तिकडे ढग पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. म्हणजे तुमची यादी दोनावर आली, अभिनंदन.

बिनधास्त_भटक्या

यूनाम करा डोळे झाकून. ६१११ मी., मनालीहून गाडीने जवळजवळ पायथ्याशी, मी घरून घरी आठ दिवसात करून आलो. बर्फ फारसा नव्हता, रोप काढलाच नाही. कांग यात्सेला दुप्पट दिवस आणि दुप्पट पैसे कशाला?

घाटमाथा

बिनधास्त, तुम्हाला जमलं ते चांगलंच झालं, पण दुसऱ्याला डोळे झाकून पाठवू नका. यूनामची गोमच ती आहे, गाडी जवळ जाते. मनाली दोन हजार मीटरवर, अटल टनेल झाल्यापासून रोहतांग चढून उतरायची भानगड राहिली नाही, दुपारी जिस्पाला जेवता आणि मनात आणलं तर दुसऱ्या दिवशी यूनामच्या पायथ्याच्या भरतपूरला साडेचार हजाराच्या वर तंबूत झोपता. शरीराला कोण सांगणार की आपण टनेलमधून आलो म्हणून? तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची उंची दिवसाला तीनशे ते पाचशे मीटरच वाढवायची आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं हा साधा हिशेब आहे, आठ दिवसांच्या प्रोग्रॅममध्ये तो बसतच नाही. यूनाम वाईट नाही, जिस्पाला दोन रात्री आणि वर आणखी दोन-तीन रात्री देणारा कोणी असेल तर जरूर जा.

राजमाची, आता तुमच्यासाठी. मी कांग यात्से २ ला दोनदा गेलोय. पहिल्यांदा ५९०० च्या आसपासून परत फिरलो, दुसऱ्यांदा वर पोचलो, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकतो. लडाखचंच स्टोक कांगरी शिखर २०२० मध्ये बंद केल्यावर ती सगळी गर्दी इकडे वळली आणि गर्दी आली की स्वस्तवाले आलेच. साइटवर जो टोकदार सुळका दाखवतात ना, तो बऱ्याचदा कांग यात्से १ असतो, ६४०० चा, तो वेगळाच प्रकार आहे. आपण जातो तो शेजारचा, ६२५० चा. पण सोपा म्हणजे ट्रेक नव्हे हां, वरचा उतार चाळीस अंशांच्या पुढे जातो, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे), आइस अ‍ॅक्स, हार्नेस, सगळे एका रोपला.

पहिल्या वेळचा किस्सा सांगतो म्हणजे काय विचारायचं ते आपोआप कळेल. रात्री साडेअकराला बेस कॅम्प सोडला. बूट भाड्याचे, क्रॅम्पॉन भाड्याचे, दोन्ही लेहमध्ये पोतं उघडून 'साइज क्या है' म्हणत हातात दिलेले. ते एकमेकांना बसतात का हे कोणी बघितलंच नाही, मीही नाही. बुटाला पुढे ओठासारखी जी कड लागते ती झिजलेली, त्यामुळे क्रॅम्पॉनची पुढची तार दर अर्ध्या तासाने निसटायची. तीनदा बसलो, तीनदा वरचे जाड हातमोजे काढून पट्टा आवळला, तिसऱ्यांदा बोटांना बक्कल लागतच नव्हतं, दिसत होतं फक्त. रोपवरचे बाकीचे चौघे उभ्या उभ्या गोठतायत, एक जण तर शिव्या घालायला लागला आणि त्याचं काही चुकलं नाही. सकाळी सात वाजता गाईड म्हणाला बस, ऊन लागलं की बर्फ मऊ पडतो, उतरताना वाट लागेल. माथा समोर दिसत होता हो. तेव्हा त्याच्यावर चिडलो होतो, खाली चहा घेताना कळलं की दिवसभरात शहाणपणाने वागलेला तो एकटाच होता. राखीव दिवस प्रोग्रॅममध्ये नव्हताच, दुसऱ्या दिवशी घोड्यांवर सामान लादून परत.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीबरोबर गेलो, त्यांचा एक दिवस जास्त होता. पहिल्या रात्री वाऱ्यामुळे कोणी तंबूबाहेर पडलं नाही, दुसऱ्या रात्री निघालो आणि झालं. मी तोच, तब्येत तीच, उलट एक वर्ष म्हातारा. फरक त्या एका दिवसाचा.

तर फोनवर विचारा: राखीव समिट दिवस आहे का, आणि तो वापरला तर जादा पैसे का. माझ्याबरोबर येणाऱ्या गाईडचं नाव काय आणि त्याने कुठले कोर्स केलेत (नुसतं बेसिक पुरेसं नाही, अ‍ॅडव्हान्स आणि त्यापुढचा एमओआय, म्हणजे शिकवणाऱ्यांचा कोर्स, असेल तर उत्तम). समिटच्या रात्री किती जणांमागे एक गाईड, तिघांच्या वर म्हणाले की मी फोन ठेवतो. कारण दोघांना खाली न्यायची वेळ आली तर उरलेल्यांबरोबर कोण? आणि किती वाजता परत फिरायचं ते आधी ठरवता की तिथे बघू?

आणखी एक. काही जण चोकडोकडून 'कोंगमारू ला' ही खिंड ओलांडून दोन दिवसात कांग यात्सेखालच्या निमालिंगला नेतात, मारखा व्हॅलीने स्क्यू, मारखा, हांकर करत गेलं की दोन-तीन दिवस जास्त लागतात. १६ दिवस आहेत ना? मारखाने जा. लेहला उतरल्यावर (३५०० मी.) दोन रात्री निव्वळ लोळायचं, शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा पहिल्या दिवशी नकोत.

सोनकी

घाटमाथा यांचा प्रतिसाद वाखुत (वाचनखुणांत) टाकला. पण मी जरा वेगळं सांगते, आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा. मी उत्तरकाशीला निममध्ये (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग) केला, २८ दिवस, सुरुवातीला टेखला भागात रॉक क्लाइंबिंग, मग डोकरानी बामक ग्लेशियरवर बर्फातलं. घसरल्यावर आइस अ‍ॅक्स रोवून स्वतःला थांबवायचं कसं हे तिथे इतक्या वेळा करून घेतात की झोपेतही हात वळतो. कंपनीवाले समिटच्या आदल्या दुपारी दोन तासात शिकवतात तेच. दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट) आणि मनालीची संस्थाही आहे. सीट फार आधी भरतात आणि वयाची अट असते, तुम्ही ३८ चे आहात तेव्हा फॉर्म आत्ताच बघा.

बिनधास्त_भटक्या

२८ दिवस रजा कोण देणार ताई? सरकारी नोकरीत आहात का 😀

सोनकी

नाही हो, खाजगी शाळेत शिकवते, उन्हाळ्याच्या सुट्टीत केला. आणि कोर्स केला म्हणजे काही होत नाही असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा २ वर हिमस्खलन झालं त्यात निमचेच प्रशिक्षणार्थी आणि इन्स्ट्रक्टर गेले. कोर्समुळे फक्त एवढं होतं की गाईड जे करतोय ते का करतोय ते आपल्याला कळतं.

डॉ_चकली

थोडं वैद्यकीय. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात, साधारण १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि घरी असतानाच एकदा घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, वर गेल्यावर घाबरायला नको. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर जीव टाकू नका, बोटं गार असली की तो काहीही दाखवतो. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, किंवा टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालता येत नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र असो पाऊस असो, खाली. सकाळपर्यंत थांबून बघू म्हणणारेच अडकतात. झोपेची गोळी नको.

आणि सह्याद्रीवाल्यांना खास: तुम्ही फिट आहात हाच तुमचा प्रॉब्लेम. फिट माणूस पुढे पळतो, कॅम्पवर पहिला पोचतो आणि संध्याकाळी त्याचंच डोकं ठणकतं. घोडेवाल्याच्या मागे राहा.

न्यूजर्सीचा_मावळा

बायकोच्या फोनच्या अटीवर उपाय, माझ्याकडे गार्मिनचं इनरीच (सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र) पडून आहे, डिसेंबरात पुण्याला येतोय, आणू का?

टकमक

नको नको नको. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असलं यंत्र बाळगता येत नाही, एअरपोर्टवरच धरलेत लोकांना. वहिनींना आधीच सांगून ठेवा, लेह सोडलं की आठ-दहा दिवस फोन नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

राजमाची_रिटर्न

बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद, सगळ्यांचे मनापासून आभार. कांग यात्से, मारखामार्गे, ठरलं. सोनकीताई, फॉर्मचंही बघतोच. अजून दोन शंका, तयारी काय करू (जिमवाला म्हणतो स्क्वॉट्स) आणि खायला काय न्यायचं?

घाटमाथा

स्क्वॉट्स करा पण त्यापेक्षा सिंहगड. आतकरवाडीतून, पाठीवर १२ किलो (पाण्याच्या बाटल्या भरून), वर जाऊन खाली आलात की पाणी पिऊन परत वर. वेळ लावू नका घड्याळात, दुसऱ्या खेपेला नाकाने श्वास घेत बोलता येतंय का एवढंच बघा. उतरताना मात्र पाण्याच्या बाटल्या वरच रिकाम्या करा, गुडघे पुढे लागणार आहेत. बूट शक्य तर स्वतःचे घ्या, नाहीतर लेहमध्ये भाड्याचे घेताना दुकानातच क्रॅम्पॉन चढवून पाय झाडून बघा, लाज वाटू देऊ नका.

आणि विमा! साध्या मेडिक्लेममध्ये रोप लावून केलेलं गिर्यारोहण बहुतेक वेळा बसत नाही. पॉलिसीत किती मीटरपर्यंत ते आकड्यात वाचा, फोनवरच्या पोरीने 'हो सर सगळं कव्हर आहे' म्हटलेलं धरू नका.

चिक्कीवाला

खाण्यावर बोलायचा हक्क माझा. लोणावळ्याची चिक्की नेऊ नका, गारठ्यात दगड होते, माझा दाढेचा तुकडा पडलाय. गूळ-शेंगदाणे भरडून पुडीत, भडंग, आणि मळमळीला आमसूल खिशात. पाच हजारांवर भूक मरते, गोड तर बघवत नाही, तेव्हा आंबटच उतरतं घशाखाली. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवायची, बर्फ वरून धरतो म्हणजे तोंड मोकळं राहतं. हेडलॅम्पचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये.

राजमाची_रिटर्न

अपडेट. चार कंपन्यांना घाटमाथांचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. एकीने उत्तरच दिलं नाही. दुसरीने ब्रोशर पाठवलं. तिसरीने लिहिलंय 'सर डोंट वरी, हंड्रेड परसेंट समिट गॅरंटी'. चौथीच्या बाईंनी फोन केला, गाईड झंस्कारचा आहे, त्याचं नाव सांगितलं, राखीव दिवस एक, समिटला तिघांमागे एक गाईड, आणि उलट मलाच वीस मिनिटं विचारत होत्या, हामट्याला डोकं कधी दुखलं, किती वेळ, काय घेतलं. सगळ्यात महाग हीच, बजेटच्या नऊ हजार वर.

घाटमाथा

चौथी. नऊ हजार बायकोला मी सांगतो हवं तर.

सोनकी

चौथीच. आणि निघायच्या चार-पाच दिवस आधी पायाची नखं कापा, आदल्या रात्री नको. उतरताना अंगठ्याचं नख बुटाला लागून काळंनिळं होतं, माझं यायला सहा महिने लागले.