‘भय’, ‘भीती’ आणि ‘भिऊ नको’ : ख्रिस्ती मराठीतील अर्थ व वापर

प्रश्न

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक अंकात ‘विश्वासाने भीतीवर विजय’ या शीर्षकाचा लेख घ्यायचा आहे. संपादन करताना दोन शंका आल्या. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे असे बायबलमधील नीतिसूत्रांत म्हटले आहे, तर पूर्ण प्रीती भीती घालवून देते असे योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. मग जे ज्ञानाचा आरंभ आहे, तेच प्रीतीने घालवून द्यायचे काय? शिवाय विश्वास ठेवणाऱ्या माणसाला ‘निर्भय’ म्हणावे, की याहून योग्य शब्द आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर निर्गमाच्या विसाव्या अध्यायात जवळजवळ एकाच ओळीत सापडते. सीनाय पर्वतावर गडगडाट चालला आहे, धूर निघत आहे, रणशिंगाचा आवाज होत आहे आणि लोक थरथर कापत दूर उभे आहेत. तेव्हा मोशे त्यांना भिऊ नका असे सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की, तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचे भय तुमच्यासमोर राहावे यासाठीच तो आला आहे. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. तरीही एक भय टाकायचे आहे आणि दुसरे राखायचे आहे. पहिल्याने माणूस देवापासून दूर पळतो, तर दुसऱ्याने तो पापापासून दूर राहतो. योहानाच्या पत्रातील भीती कोणती, हे त्याच वचनाच्या पुढच्या भागावरून ठरते, कारण तेथे भीतीचा संबंध शिक्षेशी जोडलेला आहे आणि आदल्या वचनात न्यायाच्या दिवसाचा उल्लेख आहे. प्रीती जी भीती घालवते ती शिक्षेची भीती होय. देवाविषयीचा आदरयुक्त धाक नव्हे.

मराठीला हा भेद परका नाही. ‘भीरू’ हा सुटा शब्द भित्र्या माणसासाठी येतो. परंतु ‘पापभीरू’ आणि ‘देवभीरू’ हे सामासिक शब्द आपण आदरानेच वापरतो. रूढ मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलच्या भाषांतरात, देवाच्या संदर्भात प्रायः ‘भय’ हा शब्द येतो आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात देवाने आपल्याला जो आत्मा दिलेला नाही तो ‘भित्रेपणाचा’ म्हटला आहे. तेथील ग्रीक शब्द ‘देइलिया’ असा आहे आणि योहानाच्या पत्रातील ‘फोबोस’पेक्षा तो वेगळा आहे. म्हणून लेखात ‘परमेश्वराचे भय’ हा प्रयोग जसाच्या तसा ठेवावा, त्याची ‘परमेश्वराची भीती’ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोशात ‘भय’ आणि ‘भीती’ समानार्थी असले, तरी मराठी कानाला ‘परमेश्वराची भीती’ म्हटल्यावर शिक्षा करणारा देवच आठवतो.

दुसऱ्या शंकेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ‘निर्भय’ हे विशेषण माणसाच्या स्वभावाचे किंवा कमावलेल्या बळाचे वर्णन करते. शास्त्रातील ‘भिऊ नको’ची घडण वेगळी आहे, कारण त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा ‘कारण’ येते. यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे असे म्हटले आहे. तेविसाव्या स्तोत्रात मृत्युच्छायेच्या दरीतून जाणारा माणूस अरिष्टाला भिणार नाही असे म्हणतो, तेव्हा तोही ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’ असे कारण देतो. दरी तशीच राहते, काळोखही तसाच राहतो. सोबत मात्र मिळते. ज्या मराठी शब्दात देणारा आणि घेणारा असे दोघेही गृहीत धरलेले असतात, तो शब्द ‘अभय’ आहे. अभय दिले जाते, अभय मिळते. ते कोणी स्वतःच्या जोरावर निर्माण करत नाही. विश्वास ठेवणाऱ्याच्या स्थितीला हाच शब्द मला अधिक खरा वाटतो.

देवतांच्या वर्णनातून आलेला हा शब्द ख्रिस्ती लेखनात वापरावा काय, असे कोणी विचारील आणि ते विचारणे रास्त आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले व ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ बरोबर घेऊन येणारे शब्द टाळावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. दुसरीकडे, आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत आणि त्यांची भजने वारकरी वळणाचीच आहेत. रमाबाईंच्या सावधगिरीविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही या एका शब्दाबाबत मी टिळकांच्या बाजूने उभा राहीन. जुन्या करारात देवावर विसंबण्यासाठी येणारा ‘भाव ठेवणे’ हा प्रयोगही संतांच्याच भाषेतला आहे आणि तो मंडळीत केव्हाच रुजला आहे.

आणखी एक शंका

उत्तर पटले. मात्र आजारी माणसाला, किंवा शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाबरलेल्या माणसाला, ‘भीती वाटते म्हणजे तुमचा विश्वास कमी आहे’ असे सर्रास ऐकवले जाते. ‘भिऊ नको’ ही आज्ञाच असेल, तर भीती वाटणे हा आज्ञाभंग ठरतो काय?

उत्तर

ठरत नाही, आणि असे ऐकवणे हे त्या माणसावर अन्याय करणारे आहे. मराठीची रचनाच येथे मदतीला येते. ‘मला भीती वाटते’ या वाक्यात भीती माणसाकडे येते. तो तिचा कर्ता नसतो. ‘मी त्याला भितो’ या वाक्यात माणूस स्वतः कर्ता असतो आणि समोरच्याचा अधिकार मान्य करून त्याप्रमाणे वागतो. निषेध आहे तो भिण्याचा. छप्पन्नाव्या स्तोत्राचा कर्ता तर ज्या वेळी मला भीती वाटेल त्या वेळी मी तुझ्यावर भाव ठेवीन असेच म्हणतो. भीती आणि भाव एकाच वेळी, एकाच मनात. गेथशेमाने बागेत स्वतः येशूही अतिशय व्याकूळ झाला होता.

अगदी अलीकडच्या काळातील उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांचे आहे. अमेरिकेतील माँटगमरी येथे कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर घातलेल्या बहिष्काराचे ते नेतृत्व करत होते आणि धमक्यांचे दूरध्वनी रोजचेच झाले होते. जानेवारी १९५६ मध्ये एका मध्यरात्री असाच दूरध्वनी आला. पत्नी आणि जेमतेम दोन महिन्यांची मुलगी झोपलेली होती. सत्तावीस वर्षांचा हा पाळक स्वयंपाकघरात गेला, त्याने कॉफी गरम केली आणि टेबलाशी बसून, डोके हातांत धरून, आपले बळ संपले आहे व आपण आता एकटे हे सोसू शकत नाही, अशी मोठ्याने प्रार्थना केली. न्यायासाठी उभा राहा, मी तुझ्याबरोबर राहीन, अशी अंतर्वाणी ऐकू आल्याचे आणि त्यानंतर भीती ओसरू लागल्याचे त्यांनी पुढे स्वतः सांगितले. काही दिवसांतच, ३० जानेवारीला, त्यांच्या घराच्या ओसरीवर बाँब फुटला. घरातील माणसे बचावली. सभेहून परतलेल्या किंग यांनी संतप्त जमावाला शस्त्रे असतील तर ती घरी परत नेण्यास सांगितले. त्या रात्री त्यांना भीती वाटली होती, हे त्यांनी कधी लपवले नाही. पण ज्यांनी धमक्या दिल्या, त्यांना ते भ्याले नाहीत.

अंकाच्या शीर्षकाविषयी एक सूचना करतो. ‘विजय’ हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने मुळात ख्रिस्ताचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात ‘मी जगाला जिंकले आहे’ असे तो म्हणतो आणि शिष्यांना ‘धीर धरा’ एवढेच सांगतो. म्हणून ‘विश्वासाने मिळणारे अभय’ असे शीर्षक अधिक नेमके होईल. लेखात ‘अभय’बरोबर ‘देणे’, ‘मिळणे’, ‘लाभणे’ ही क्रियापदे वापरावीत. ‘अभय कमावले’ किंवा ‘अभय मिळवले’ असे लिहिल्यास तो शब्द निवडण्याचे कारणच उरत नाही.