‘चाळीस पानांत सोडलं’ म्हणणाऱ्यांसाठी

उंबरझरा
तडफदार यांची ‘यंदाचं वाचन’ ही यादी वाचली आणि डोकं फिरलं. तिथेच लिहायला घेतलं होतं, लांबलं म्हणून वेगळा धागा. ज्यांनी यादी पाहिली नाही त्यांच्यासाठी त्यातली रत्नं:

कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’: ‘चाळीस पानांत सोडलं. बोली झेपेना. साहित्य अकादमीवाल्यांना काय दिसलं देव जाणे.’
बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लँप’: ‘बारा कथा, बाराही रडक्या. बुकर हवा तर असंच लिहावं लागतं.’
किरण गुरवांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’: ‘ठीक.’
मनोज बोरगावकरांचं ‘नदीष्ट’: ‘एका बैठकीत संपवलं, डोळे पाणावले.’
आणि ‘पैसा वसूल’ काय, तर चांगल्या सवयी लावून घेण्याचं एक भाषांतरित पुस्तक!

आवडनिवड ज्याची त्याची, मान्य. पण ‘रिंगाण’मध्ये धरणाने उठवलेला माणूस मागे राहिलेली, रानटी झालेली म्हैस आणायला पुन्हा त्या रानात शिरतो. ते रान, तो माणूस आणि त्या जनावराची झोंबाझोंबी काय कोथरूडच्या मराठीत लिहायची? ‘नदीष्ट’मधली नांदेडच्या गोदावरीकाठची माणसं चालतात, तिथे डोळे पाणावतात, मग पन्हाळ्याकडची बोलीच तेवढी का टोचते? आणि ‘हार्ट लँप’ रडकं? त्यात गोबी मंचुरियनच्या नादाला लागलेल्या अरबीच्या मास्तरांची गोष्ट आहे. मी लोकलमध्ये वाचताना एकटीच हसत होते, समोरची बाई सरकून बसली. ती कथा तुम्ही वाचली तरी का?

तडफदार
ताई, वाचन माझा विरंगुळा आहे, परीक्षा नाही. दिवसभर ऑफिसात ऑडिटच्या फायली उपसतो. रात्री पुस्तक उघडल्यावर लेखकाने मला आत ओढायला हवं, मी त्याला नाही. विस्थापितांवरच वाचायचं तर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे की. तिलाही अकादमी मिळाली, १९९२ साली. जाडजूड आहे तरी सुटत नाही हातातून.
मंचुरियनची कथा वाचली. हसू नाही आलं. त्याबद्दल दंड किती?
बाकी यातली दोन पुस्तकं ग्रुपवर पीडीएफ आली होती, मोबाईलवर वाचली. त्यामुळेही थोडं जड गेलं असेल.

टवाळ_पोपट
‘बाळू’ला ‘ठीक’ म्हणजे बरेच मार्क दिले म्हणायचे. कथासंग्रह आहे ना. भालचंद्र नेमाड्यांनी कथा या प्रकारालाच कधी मोजलं नाही, तुम्ही कशाला मोजताय? (हलकेच घ्या.)

दुकानवाले_नाना
ग्रुपवर पीडीएफ आली होती?? पाऊस आल्यासारखं काय सांगताय! अहो, कोणीतरी पुस्तक उसवून, पान न् पान स्कॅन करून टाकलं तेव्हा ती आली. तीनशेच्या पुस्तकावर दहा टक्के रॉयल्टी धरली तर लेखकाला तीस रुपये मिळतात. तेवढेही तुम्हाला सुटले नाहीत, वर त्यालाच नापास करताय.
परवाचीच गोष्ट. दुकानात एक जोडपं आलं. बाईंनी कपाटातून एक-एक पुस्तक काढलं, मुखपृष्ठाचा फोटो, मागच्या मजकुराचा फोटो, पुस्तक परत आत. तेही उलटं, पुठ्ठ्याची कड आत आणि पानं बाहेर. म्हटलं, काही देऊ का? तर म्हणाल्या, ‘नको, ग्रुपवर विचारते कोणाकडे आहे का.’ माझ्यासमोर! पंखा माझा, दिवा माझा, आणि मी त्यांचा कॅटलॉग.

मस्कतचा_मुक्काम
नाना, राग समजतो. पण आम्ही काय करायचं? इथे मराठी पुस्तक मागवायचं तर पुस्तकापेक्षा कुरियर महाग. निम्म्या पुस्तकांचं ई-बुक निघतच नाही. प्रकाशकांना विचारलं तर म्हणतात, ई-बुक काढलं की लगेच फुटतं. न काढताही फुटतंय ते दिसतंय ना? मी पैसे हातात घेऊन उभा आहे, घ्यायलाच कोणी नाही.

दुकानवाले_नाना
पैसे हातात घेऊन उभे आहात तर सुट्टीवर याल तेव्हा अप्पा बळवंत चौकात या. बॅगेत सोनं बसतं, फ्रिज मॅग्नेट बसतात, चार पुस्तकं तेवढी बसत नाहीत!

मस्कतचा_मुक्काम
सोनं? माझी बॅग तुम्ही उघडून पाहिली होतीत का? जरा सांभाळून बोला.

कलम_बहाद्दर
भांडताय तर नीट भांडा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या पीडीएफ खुशाल फिरवा. खोत, गुरव, बोरगावकर यांच्या नाही. पुस्तक आवडलं की नाही याचा इथे काही संबंध नाही.

ड_वर्ग_वाचनालय
सगळे शहरातले दिसताय. १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे. आमच्या गावच्या वाचनालयात एक लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते शेतावर असतात. बाहेर टेबलावर पेपर, त्यातलं कोडं कोणीतरी आधीच सोडवलेलं, तेही चुकीचं. पुस्तकांचं गाव बघायचं तर भिलारला जायचं, स्वतःच्या गावात कपाट बघायचं. माझ्या पोरीने ‘नदीष्ट’ मोबाईलवर वाचलं. कसं मिळालं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

उंबरझरा
धागा पुस्तकांवर होता हो! कपाट, कुरियर, किल्ली... ‘रिंगाण’ वाचलेला एक तरी माणूस आहे का इथे?

पाणलोट
मी आहे. आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला येतात. आमच्या आजीला नव्या जागी जनावरं नेता आली नाहीत, वैरणच नव्हती. दोन म्हशी विकल्या. एक म्हातारी होती, गिऱ्हाईक नाही मिळालं, ती सोडून दिली. पुढे त्या म्हशीचं नाव घरात कोणी काढायचं नाही, आजी उठून जायची. त्यामुळे मी ‘रिंगाण’ दोनदा वाचलं.
पण ताई, वडलांना दिलं तर त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांना ‘झाडाझडती’च लागते. त्यात कचेऱ्या आहेत, पुढारी आहेत, जमीन वाटपातली लबाडी आहे. वडलांचं अर्धं आयुष्य पुनर्वसनाच्या कचेरीच्या बाकावर गेलं. म्हणतात, म्हैस मला माहीत आहे, मला तो साहेब कागदावर आणलेला बघायचाय. तेव्हा तडफदारांचं सगळंच चूक, असं मी म्हणणार नाही.

तडफदार
बघा! विस्थापितच माझ्या बाजूने.

पाणलोट
तुमच्या बाजूने नाही. वडलांनी अख्खं वाचून बाजूला ठेवलं, चाळीस पानांत नाही. आणि पुस्तक विकतचं होतं.

उंबरझरा
वडलांचं कारण पटलं. पटवून घ्यावं लागलं, पण पटलं. मात्र ते ‘बोली झेपेना’पेक्षा फार वेगळं कारण आहे. तडफदारांनी असं एक जरी वाक्य लिहिलं असतं, तर मी कशाला धागा काढला असता?

टवाळ_पोपट
पण मग सवयींच्या पुस्तकाचं काय झालं? एखादी सवय लागली का? ग्रुपवरच्या पीडीएफ न उघडण्याची?

तडफदार
ते विकत घेतलं होतं. पावती आहे. फोटो टाकू?
बरं, ‘रिंगाण’ही विकत घेतो, म्हणजे सगळ्यांच्या जिवाला शांती. एक्केचाळिसाव्या पानापासून सुरू करतो. तरीही नाही आवडलं तर ‘नाही आवडलं’ एवढेच दोन शब्द लिहीन, कारण-मीमांसा मागायची नाही. नाना, सूट किती देता?

दुकानवाले_नाना
तुम्हाला छापील किंमत. टपालखर्च वेगळा.

मस्कतचा_मुक्काम
नाना, आणि माझ्या बॅगेबद्दलचं वाक्य मागे घेताय ना?