शब्दचर्चा : 'उपनगर' कुठे सुरू होतं, 'प्रॉपर' कुठे संपतं? (तळटीप, शीवकर, जलद लोकल, सात-बारा ही चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं.)

तळटीप : ठाणे-डोंबिवलीला 'मुंबईची उपनगरं' लिहिलेलं चालेल का? आणि 'प्रॉपर ठाण्यात की बाहेर?' असं विचारणारा नेमकं काय वगळत असतो?

शीवकर : कागदावर गोंधळ नाही. माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर जिल्हा, वांद्रे-कुर्ल्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत मुंबई उपनगर जिल्हा. हा जिल्हा १९९० साली वेगळा झाला, पण महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडला १९५७ सालीच पोचली होती. ठाणे, डोंबिवली, मीरा रोड, वसई यांच्या महापालिका वेगळ्या, जिल्हेही वेगळे. त्यांच्यासाठी 'मुंबई महानगर प्रदेश' लिहा. रेल्वेला विचाराल तर तिच्या लेखी चर्चगेटसुद्धा उपनगरी स्थानकच.

बोलण्यात ही रेघ कोणी पाळत नाही. वांद्रे पश्चिमेचा माणूस 'मी उपनगरात राहतो' म्हणेल? त्याचं उपनगर अंधेरीच्या पुढे, अंधेरीवाल्याचं बोरिवलीला. ज्याला त्याला पुढच्या स्टेशनापासून उपनगर लागतं. 'टाउन' मात्र सगळ्यांचं एकच, दक्षिणेकडचं. रिक्षा शहर जिल्ह्यात चालत नाहीत, म्हणून 'रिक्षा मिळते का तिकडे?' या साध्या प्रश्नालाही टाउनवाल्याच्या तोंडी वेगळा वास येतो.

जलद लोकल : विभक्तीकडेही बघा. डोंबिवली-विरारचे लोक अजून '*मुंबईला* जातो' म्हणतात, आणि बोरिवलीची जुनी माणसंही तसंच म्हणायची, पालिका मुंबईचीच असताना. तोच डोंबिवलीकर नागपुरात 'मुंबईचा' होतो. याला खोटेपणा म्हणू नये. ऐकणारा जितका लांबचा, तितकं गाव मोठं सांगायचं, एवढाच हिशेब.

तळटीप : आणि 'प्रॉपर'?

शीवकर : या शब्दाचे दोन उपयोग आहेत. 'तुम्ही प्रॉपर कुठले?' म्हणजे मूळ गाव कोणतं. यात कुचकेपणा नाही. गावाच्या नावाआधी लागला की तो कुंपण घालतो. 'प्रॉपर ठाणे' म्हणजे नौपाडा, चरई, पाचपाखाडी, राम मारुती रोड, तलावपाळीचा परिसर. मानपाडा, कासारवडवली, ओवळा ठाणे महापालिकेलाच कर भरतात, तरी ते 'घोडबंदरला'. 'प्रॉपर पुणे' म्हणजे पेठा. शब्द इंग्रजी असला तरी या अर्थाला मराठीत सुटसुटीत पर्याय नाही. 'खास' म्हटलं की कौतुक होतं, 'मूळ' म्हटलं की इतिहास. लेखात भागांची नावं द्यावीत, 'प्रॉपर' संवादापुरता ठेवावा.

जलद लोकल : ईस्ट-वेस्टवरून प्रतिष्ठा ठरवणाऱ्यांसाठी : 'वेस्ट म्हणजे भारी' हा नियम पश्चिम रेल्वेवर, समुद्र त्या बाजूला असल्यामुळे, वांद्रे, खार, सांताक्रूझला बराचसा लागू पडतो. पार्ल्याला लगेच अडखळतो, कारण तिथला मराठी माणूस 'ईस्ट' छाती फुगवून सांगतो. घाटकोपरला उलटंच, गरोडिया नगर आणि राजावाडी पूर्वेला, डोंगरउतारावरची दाट वस्ती पश्चिमेला. दादरला एका बाजूला हिंदू कॉलनी, दुसऱ्या बाजूला शिवाजी पार्क. तिथे दिशेवरून भांडण नाही, भांडण कॉलनीवरून.

'-कर'चंही तेच. गिरगावकर, दादरकर, पार्लेकर, ठाणेकर, डोंबिवलीकर सहज म्हणतो. 'मीरारोडकर' कोणी म्हणत नाही. मराठी मध्यमवर्ग जिथे पिढी-दोन पिढ्या टिकला तिथेच प्रत्यय चिकटला.

सात-बारा : बिल्डरांची नावं राहिली. लोअर परळला 'अप्पर वरळी', वडाळ्यात 'न्यू कफ परेड', भिवंडीच्या बाजूला 'अप्पर ठाणे'. 'लोअर' जाऊन 'अप्पर' आलं की दर चढतो, म्हणून हे बारसं. जाहिरातीवर जाऊ नका. महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून जिल्हा, तालुका, गाव आणि पिनकोड बघा, मग करारनाम्यातल्या मिळकतीच्या वर्णनात 'मौजे' पुढे काय लिहिलंय ते जुळवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य, यातलं जे जास्त त्यावर लागतं; रेडी रेकनरचा दर विभागावरून ठरतो आणि तो विभाग सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांकावरून निघतो. प्रकल्पाच्या नावाला तिथे कोणी विचारत नाही. फसगत होते ती इथे : वरळी समजून पैसे मोजायचे आणि पुढे विकताना गिऱ्हाईक लोअर परळचाच भाव लावतं.

तळटीप : म्हणजे मथळ्यात 'ठाणे, डोंबिवली आणि मुंबईची उपनगरे' असं वेगळं काढलं तर बिनचूक?

शीवकर : बिनचूक. फक्त 'आणि'च्या जागी 'ही' टाकू नका.