प्रतिमा ‘ओळखणे’, ‘वर्गीकरण’ आणि ‘हेरणे’: कुठे काय वापरावं?

प्रश्न
कापूस उत्पादकांसाठी मराठी पत्रक लिहिते आहे. कामगंध सापळ्याचा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्याचा) फोटो काढला की ॲप गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून देतं, त्याची माहिती द्यायची आहे. क्लासिफिकेशन, डिटेक्शन, रेकग्निशन या तिन्हींसाठी ‘प्रतिमा ओळखणे’ चालेल का?

प्रतिसाद १
नाही चालणार, ताई. तुमच्या पत्रकात तर नक्कीच नाही, कारण तुमचं सगळं काम मोजणीचं आहे. रोज सापळ्यामागे आठ ते दहा पतंग सलग तीन दिवस सापडले की फवारणीचा विचार करा, अशी शिफारस असते. वर्गीकरणात, म्हणजे क्लासिफिकेशनमध्ये, अख्ख्या फोटोला एकच नाव मिळतं: ‘पतंग’. तीन आहेत की तेरा, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पतंगाभोवती चौकट आखावी लागते. ते डिटेक्शन.

हा फरक वर्तमानपत्रांतही पुसला जातो. २०१२ साली संगणकाने फोटो ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत ॲलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांतून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याने) बाजी मारली ती वर्गीकरणात: हजार वर्ग, शिकण्यासाठी सुमारे १२ लाख फोटो. पहिल्या पाच अंदाजांतही बरोबर नाव नसण्याचं प्रमाण त्याचं सुमारे १५ टक्के, दुसऱ्या क्रमांकाचं २६. पण चौकटी आखण्याचं काम वेगळ्या वाटेने पुढे गेलं. २०१४ च्या आर-सीएनएन या पद्धतीत आधी फोटोतल्या सुमारे दोन हजार संभाव्य जागा निवडायच्या आणि मग एकेकीचं वर्गीकरण करायचं, असा वेळखाऊ मामला होता. योलो या पद्धतीने चौकटी आणि नावं एकाच फेरीत काढून दाखवली.

डिटेक्शनला कोणी ‘शोध’ म्हणतात. मला तो खटकतो, कारण शोध लावणं वेगळं आणि शोध घेणं वेगळं.

प्रतिसाद २
‘हेरणे’ घ्या की! गर्दीतून नेमकं टिपणं हाच त्याचा अर्थ, आणि शेतकऱ्याला तो समजवावा लागत नाही.

सेगमेंटेशनला ‘खंडन’ मात्र कृपया लिहू नका, वाचणाऱ्याला आरोपांचं खंडन आठवतं. कुठला पिक्सेल पानाचा, कुठला डागाचा हे ठरवणं म्हणजे ‘विभाजन’. फीचरला, म्हणजे यंत्र फोटोत जी खूण टिपतं तिला, ‘वैशिष्ट्य’ऐवजी ‘लक्षण’ बरं. न्यूरल नेटवर्कच्या जाळ्याचे सुरुवातीचे थर कडा आणि रंगबदल टिपतात, पुढचे थर त्यांतून पंखाच्या आकारासारखी लक्षणं जुळवतात. ती कोणी हाताने भरलेली नसतात, उदाहरणांतून शिकलेली असतात.

प्रतिसाद ३
मग ‘ओळख’ कुठे? माझ्या मते माणसासाठी राखून ठेवावी. त्यातही दोन गोष्टी आहेत. फोन चेहरा पाहून उघडतो ती ‘पडताळणी’: हा मालकच आहे ना, एवढाच प्रश्न. हजारो चेहऱ्यांतून हा कोण ते सांगणं म्हणजे ‘ओळख पटवणे’. दुसऱ्यात चुकीच्या माणसावर बोट पडण्याचा धोका फार मोठा, म्हणून हे दोन शब्द सरमिसळ होता कामा नयेत.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. वाक्य असं केलंय: ‘ॲप फोटोतले गुलाबी बोंडअळीचे पतंग हेरतं, इतर किडींपासून वेगळे करतं आणि मोजतं.’ प्रत्येक चौकटीवर ०.८७ असा कॉन्फिडन्स दिसतो, त्याला ‘आत्मविश्वास’ म्हणू?

प्रतिसाद १
नको, यंत्राला कसला आत्मविश्वास! ‘खात्रीचा आकडा’ लिहा. आणि खाली एक ओळ जोडा: पतंग एकमेकांवर चिकटलेले असतील तर मोजणी स्वतःही करून पाहावी.